मोटारसायकलचा विद्युत् प्रारंभक : इतिहास व दोषशोधन

मोटारसायकलचा विद्युत् प्रारंभक : मोटारसायकल, स्कूटर यांसारख्या दुचाकी वाहनाचे बंद एंजिन घटमालेतील विद्युत् ऊर्जेने फिरवून चालू करणाऱ्या प्रयुक्तीस विद्युत् प्रारंभक म्हणतात. बोलीभाषेत तिचा उल्लेख ‘सेल्फ’ किंवा ‘बटनस्टार्ट’ असा करतात. अंतर्ज्वलन-एंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. दट्ट्याने इंधन व हवा यांचे मिश्रण एकदा आत ओढून दाबल्याशिवाय आणि त्यात ठिणगी पडल्याशिवाय त्यात शक्ती निर्माण होत नाही. म्हणून पहिले काही फेरे बाहेरच्या शक्तीने द्यावे लागतात. ही शक्ती प्रथम माणसाच्या पायांनी पुरविली आणि नंतर विद्युत् चलित्राने.

या प्रयुक्तीच्या इतिहासात प्रत्यक्ष चलित्रापेक्षा त्याला वीज पोहोचविणारी घटमाला, तारा व संपर्कस्थाने यांनाच अधिक महत्त्व आहे. विद्युत् प्रारंभक बसविलेली मोटारसायकल १९१४ मध्ये बाजारात आली व वर्षभरात मागे घेण्यात आली, ती घटमालेच्या अपुरेपणामुळे. आजही बटण दाबले असता एंजिन फिरत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा चलित्रात नसून तारांच्या एखाद्या गंजलेल्या किंवा सैल जोडात असतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे चांगली घटमाला आणि चांगले चलित्र बदलून पैसा खर्च होतो व मूळ दोष तसाच राहतो. जुन्या, जतन करण्याजोग्या वाहनांच्या बाबतीत तर अशा चुकीच्या निदानापायी पुन्हा न मिळणारे मूळ भाग टाकून दिले जातात.

पूर्वेतिहास : प्रारंभीच्या मोटारसायकली सायकलीप्रमाणे पायटे मारून किंवा ढकलत पळून व उडी मारून सुरू कराव्या लागत. पुढे दंतचक्रपेटी व क्लच आल्यावर पायाने दाबावयाचा दांडा म्हणजे किक प्रचारात आली व ती अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. महाराष्ट्रातील दुचाकीस्वारांच्या दोन-तीन पिढ्या किकवरच वाढल्या. प्रत्येक वाहनाची किक मारण्याची रीत वेगळी असे आणि ती शिकणे हा वाहन चालविण्याच्या शिक्षणाचाच भाग होता. ‘एन्फील्ड बुलेट’चे ३५० घ. सेंमी. चे एकच मोठे सिलिंडर असल्याने तिचा दट्ट्या संपीडनाविरुद्ध ढकलणे जड जाई. त्यासाठी निष्कास झडप किंचित उचलून धरणारी एक लहान तरफ दिलेली असे. विद्युत् प्रवाहमापकाचा काटा मध्यावर आला की दट्ट्या योग्य जागी आला असे समजून स्वार किक मारी. म्हैसूर येथे तयार झालेल्या ‘जावा’ व ‘येझदी’ या मोटारसायकलींत किकचा दांडाच आत ढकलून व फिरवून गिअर बदलण्याचा दांडा होई. पुण्याजवळ आकुर्डी येथे बनणाऱ्या ‘बजाज’ स्कूटरी अडून बसल्या की त्या एका बाजूस कलत्या करण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. त्यामुळे कार्बुरेटरातील मिश्रण तेवढ्यापुरते समृद्ध होई. १९७२ मध्ये आलेली ‘लूना’ ही हलकी दुचाकी तर सायकलीसारखे पायटे मारूनच सुरू करावी लागे.

या वाहनांचा एक गुण विसरून चालणार नाही. त्यांपैकी अनेकांत ठिणगीसाठी लागणारी वीज प्रचक्रात बसविलेल्या चुंबकांपासून एंजिन फिरताच निर्माण होई. घटमाला मुळीच नसली किंवा पूर्ण उतरलेली असली, तरी असे वाहन सुरू होत असे. तारांचा पसाराही थोडा असून तो एखादा सामान्य कारागीर मुखोद्गत करू शके. मात्र किकचे तोटेही उघड होते. ठिणगी वेळेआधी पडल्यास दांडा उलट उसळून घोट्याला किंवा गुडघ्याला इजा होई. वृद्ध, अशक्त किंवा पायाने अधू व्यक्तींना आणि साडी नेसून वाहन चालविणाऱ्या स्त्रियांना किक मारणे त्रासाचे होते. वाहन चालविण्यास पुरेसे कौशल्य असूनही ते सुरू करण्यापुरते दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागे.

विद्युत् प्रारंभकाचा विकास : यशस्वी विद्युत् प्रारंभक प्रथम मोटारगाडीत आला. अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला प्रारंभक १९१२ च्या ‘कॅडिलॅक’ गाड्यांत बसविण्यात आला. केटरिंग यांनी त्यापूर्वी रोकड नोंदविणारी यंत्रे विजेवर चालविण्याचे काम केले होते. अखंड चालण्यासाठी लागणारे मोठे चलित्र येथे आवश्यक नाही. काही सेकंदच काम करावयाचे असल्याने लहान चलित्रातून तेवढ्यापुरता मोठा प्रवाह नेला तरी ते जळत नाही, हे तत्त्व त्यांनी प्रारंभकाला लावले. आजचे सर्व प्रारंभक याच तत्त्वावर आधारलेले आहेत. बटण सलग दाबून ठेवू नये, ही सूचनाही त्यातूनच निघते.

दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, अमेरिकेतील ‘इंडियन’ कंपनीने ‘हेंडी स्पेशल’ ही विद्युत् प्रारंभकाची मोटारसायकल बाजारात आणली. परंतु दुचाकीवर मावतील अशा त्या काळच्या घटमाला वारंवार पडणारा हा भार आणि रस्त्यावरील हादरे सोसू शकल्या नाहीत आणि ही गाडी लवकरच बंद करावी लागली. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे मोटारसायकल किकवरच चालली. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीतील काही स्कूटरींत व लहान वाहनांत प्रारंभक आणि जनित्र यांचे काम एकच यंत्र करीत असे.

मोटारसायकलींत विद्युत् प्रारंभक सर्वसामान्य करण्याचे श्रेय मुख्यतः जपानी उद्योगाकडे जाते. ‘होंडा’ कंपनीने १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आपल्या २५० घ. सेंमी. च्या मोटारसायकलीत आणि १९६० मध्ये ‘सुपर कब’ या ५० घ. सेंमी. च्या छोट्या गाडीच्या एका प्रकारात तो दिला. अमेरिकेत ‘हार्ली-डेव्हिडसन’ कंपनीच्या ‘इलेक्ट्रा ग्लाइड’ या मोठ्या गाडीत तो १९६५ मध्ये आला. १९६९ मध्ये आलेल्या ‘होंडा सीबी ७५०’ या चार सिलिंडरांच्या गाडीने विद्युत् प्रारंभक ही चैन नसून अपेक्षित सोय आहे, असे ग्राहकांच्या मनावर ठसविले. ब्रिटिश कारखानदार यात मागे पडले. १९७५ मध्ये ‘ट्रायंफ ट्रायडंट’ व ‘नॉर्टन कमांडो’ यांत विद्युत् प्रारंभक बसविण्यात आले, तोवर हा उद्योग उतरणीला लागला होता. ‘कमांडो’वरील प्रारंभक थंड एंजिन फिरविण्यास पुष्कळदा अपुरा पडे, तो केवळ किकला मदत करतो, असे म्हटले जाई. या गाड्या जतन करणाऱ्यांनी पुढे चलित्रातील कुंचल्यांची संख्या दोनवरून चारवर नेली व जाड तारा वापरल्या, तेव्हा त्याच चलित्राने समाधानकारक काम केले.

या विकासास साहाय्यभूत ठरलेल्या गोष्टी तीन होत : प्रत्यावर्ती जनित्र व सिलिकॉन एकदिशकारक यांमुळे घटमालेचे पुनर्भारण खात्रीने होऊ लागले, कायम चुंबक वापरल्याने चलित्र लहान व हलके झाले, आणि ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची प्रणाली आली. शेवटच्या बदलाचे महत्त्व साध्या गणिताने कळते. ४८० वॉट शक्तीसाठी ६ व्होल्टला ८० अँपिअर प्रवाह लागतो, तर १२ व्होल्टला ४० अँपिअर पुरतो. तारांतील ऊर्जाव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने त्याच तारेत तो एक-चतुर्थांश होतो.

रचना व कार्य : प्रारंभकाच्या विद्युत् योजनेत दोन स्वतंत्र मंडले असतात. पहिले मुख्य मंडल. घटमालेच्या एका अग्रापासून निघालेली जाड तार अभिचालित्रापर्यंत (रिलेपर्यंत) व तेथून चलित्रापर्यंत जाते; परतीचा मार्ग चलित्राचे कवच, एंजिन, वाहनाचा सांगाडा व घटमालेची दुसरी जाड तार असा असतो. या मंडलातून लहान स्कूटरीत काही दशक अँपिअर, तर मोठ्या एंजिनाच्या मोटारसायकलीत पहिल्या क्षणी शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह वाहतो. एवढा प्रवाह हँडलवरील लहानशा बटणातून नेणे शक्य नाही. म्हणून दुसरे, नियंत्रक मंडल असते. वितळतार, किल्लीचा स्विच, बटण आणि अभिचालित्रातील तारेचे वेटोळे यांतून थोडा प्रवाह जातो. वेटोळे विद्युत् चुंबक बनून तांब्याची जाड पट्टी दोन संपर्कांवर ओढून धरते आणि मुख्य मंडल पूर्ण होते. पट्टी बसताना होणारा ‘टक’ असा आवाज दोषशोधनात फार उपयोगी पडतो.

नियंत्रक मंडलात सुरक्षिततेसाठी आणखी काही स्विच घातलेले असतात. गाडी गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याशिवाय, काही गाड्यांत बाजूचा स्टँड वर केल्याशिवाय आणि गिअररहित स्कूटरींत ब्रेकची मूठ आवळल्याशिवाय प्रारंभक फिरत नाही. चलित्राची गती दंतचक्रांनी कमी करून भुजादंडाला (क्रँकशाफ्टला) दिली जाते. एंजिन सुरू होताच ते चलित्रास उलट फिरवू नये म्हणून मध्ये एकदिश क्लच असतो.

महाराष्ट्रातील प्रसार : भारतात दुचाकींवर विद्युत् प्रारंभक रूढ होण्यात पुण्याच्या उद्योगाचा मोठा वाटा आहे. ‘लूना’ची निर्मिती करणारी पुण्याची ‘कायनेटिक एंजिनिअरिंग’ आणि जपानची ‘होंडा’ यांनी १९८४ मध्ये ‘कायनेटिक होंडा’ ही संयुक्त कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मध्य प्रदेशात पीथमपूर येथे होता. तिच्या ९८ घ. सेंमी. च्या द्विधाव एंजिनाच्या स्कूटरीत विद्युत् प्रारंभक होता व गिअर बदलावे लागत नसत. पट्टा आणि व्यास बदलणाऱ्या कप्प्या यांनी वेगाचे गुणोत्तर आपोआप बदले. किल्ली फिरवावी, ब्रेक धरून बटण दाबावे आणि मूठ पिळावी, एवढेच काम स्वाराकडे उरले.

या बदलाचा सामाजिक परिणाम तांत्रिक परिणामाहून कमी नव्हता. महाविद्यालयात, बँकेत किंवा कचेरीत जाणाऱ्या स्त्रियांना वडील, भाऊ वा पती यांच्या मागे बसण्याची किंवा बसगाडीची वाट पाहण्याची गरज उरली नाही. पुण्यासारख्या विस्तारणाऱ्या शहरात उपनगरांतून मध्यवस्तीत रोज येणे-जाणे यामुळे सुकर झाले. दक्षिणेस कात्रज, धनकवडी या भागांत वस्ती व शिक्षणसंस्था वाढल्या, तेव्हा स्वारगेटपासून सातारा रस्त्याने होणाऱ्या वाहतुकीत दुचाकींचाच भरणा मोठा होता. २००१ मध्ये आलेल्या ‘होंडा ॲक्टिव्हा’ या स्कूटरीने व त्याच वर्षी आलेल्या ‘बजाज पल्सर’ मालिकेने बटणाची सोय अनुक्रमे स्कूटर व मोटारसायकल यांच्या ग्राहकांत सर्वदूर नेली. त्याच दशकात काही मोटारसायकलींवरून किकचा दांडा पूर्णपणे काढून टाकण्यात आला. तोपर्यंत विद्युत् प्रारंभक बिघडला तरी किकचा आधार होता. तो आधार गेल्यावर तारांतील लहानसा दोषही वाहन जागीच थांबविण्यास पुरेसा ठरू लागला.

दोषांचे स्वरूप : प्रारंभक मंडलातील दोष समजण्यास कात्रज येथील एक जुनी योजना चांगले उदाहरण म्हणून घेता येते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत (१७४०–६१) कात्रज येथे बांधलेल्या तलावाचे पाणी सुमारे १० किमी. वरील शनिवारवाड्यापर्यंत व पुण्यातील हौदांपर्यंत बंद नळाने आणले होते. या मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास म्हणजे वर उघडणारे मनोरे बांधलेले होते. त्यांतून कोंडलेली हवा निघून जाई, पाण्याच्या दाबाचे नियमन होई व नळात साठलेला गाळ काढता येई. समजा, शहरातील हौदास पाणी कमी येऊ लागले. अशा वेळी तलाव भरलेला आहे एवढे पाहून भागत नाही, आणि सबंध नळ खणून काढणेही शहाणपणाचे नाही. ओळीने उच्छ्वास पाहत गेल्यास ज्या दोहोंच्या दरम्यान पाण्याची पातळी एकदम खाली गेलेली आढळेल, त्यांच्यामध्येच अडथळा आहे असे अनुमान निघते.

विद्युत् मंडलातही असेच घडते. घटमाला हा तलाव, विद्युत् दाब ही पाण्याची पातळी, तारांचे जोड हे उच्छ्वास आणि गंज हा गाळ होय. उपमेतील एक भाग मात्र नीट ध्यानात ठेवावा लागतो : पाणी वाहत नसेल, तर तुंबलेल्या नळातही सर्व उच्छ्वासांतील पातळी सारखीच दिसेल. अडथळ्याचा परिणाम प्रवाह चालू असतानाच प्रकट होतो. तारांचे दोष शोधताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

एखाद्या जोडावर गंज चढून तेथे ०.०५ ओहम रोध उत्पन्न झाला आहे असे मानू. ५ वॉटचा तपासदिवा त्यापलीकडे लावला तर त्यातून सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह जाईल आणि जोडावर केवळ ०.०२ व्होल्ट दाब खर्ची पडेल. दिवा लख्ख पेटेल व तार चांगली आहे असा निष्कर्ष निघेल. पण त्याच जोडातून ८० अँपिअर प्रवाह न्यावयाचा झाल्यास ४ व्होल्ट तेथेच खर्ची पडतील. १२ पैकी ८ व्होल्टच उरल्याने चलित्र कण्हल्यासारखे हळू फिरेल किंवा फिरणारच नाही आणि जोड तापेल. दिवा लागतो, कर्णा वाजतो, मग बिघडले ते चलित्रच, असे ठरविणे म्हणूनच चुकीचे आहे.

दोषशोधनाची पद्धती : बटण दाबल्यावर दिसणाऱ्या व ऐकू येणाऱ्या लक्षणांवरून दोषाचे क्षेत्र निम्म्याहून अधिक मर्यादित करता येते. यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सूचक दिव्याकडे लक्ष ठेवावे. काही गाड्यांत बटण दाबताच पुढचा दिवा मुद्दाम बंद केला जातो. म्हणून मागचा किंवा न्यूट्रलचा दिवा पाहणे इष्ट.

(१) बटण दाबले असता कोणताही आवाज होत नाही व दिवा मंदही होत नाही, तर प्रवाह सुरूच झालेला नाही. दोष नियंत्रक मंडलात असतो : वितळतार, किल्लीचा स्विच, बटणाचे गंजलेले संपर्क किंवा क्लच, स्टँड व ब्रेक यांवरील सुरक्षा-स्विच यांपैकी एक. क्लचच्या मुठीखालील छोटा स्विच पावसाच्या पाण्याने व धुळीने वारंवार निकामी होतो. (२) अभिचालित्राचा ‘टक’ आवाज एकदाच येतो, पण चलित्र फिरत नाही व दिव्यावर परिणाम होत नाही, तर अभिचालित्रातील जळालेले संपर्क, चलित्राकडील तार किंवा झिजलेले कुंचले यांचा संशय घ्यावा. (३) ‘टकटक’ असा भराभर आवाज होतो व दिवे लुकलुकतात, तर घटमाला उतरलेली असते अथवा तिच्या अग्रांवरचे जोड सैल असतात. संपर्क जुळताच दाब कोसळतो, वेटोळ्याची ओढ सुटते, दाब पुन्हा वाढतो व हेच चक्र चालू राहते. (४) दिवा अगदी मंद होतो व चलित्र अडल्यासारखे थांबते, तर घटमाला अशक्त आहे, चलित्र आतून अडकले आहे किंवा एंजिनच जाम झाले आहे. (५) चलित्र सुसाट फिरते पण एंजिन फिरत नाही, तर तारांचा प्रश्न नसून एकदिश क्लच किंवा दंतचक्रे झिजलेली असतात. (६) बटण सोडल्यावरही चलित्र फिरतच राहते, तर अभिचालित्राचे संपर्क वितळून एकमेकांस चिकटलेले असतात. अशा वेळी घटमालेची तार तत्काळ काढावी.

यानंतर व्होल्टमापकाने मोजमाप करावे. पूर्ण भारित व काही काळ विश्रांत असलेल्या १२ व्होल्टच्या शिसे-अम्ल घटमालेच्या अग्रांवर सुमारे १२.६ व्होल्ट दाब असतो. तो १२ च्या आसपास असेल तर तिचा बहुतेक भार संपलेला असतो. बटण दाबलेले असताना हा दाब साधारणपणे ९.५ ते १० व्होल्टच्या खाली जाऊ नये. गेल्यास प्रथम घटमाला भारित करून घ्यावी. अशक्त घटमालेवर पुढील चाचण्या करणे व्यर्थ होय. घटमाला समर्थ ठरल्यावर दाबघट मोजावी. मापकाची एक काडी घटमालेच्या धन अग्रावर व दुसरी चलित्राच्या अग्रावर धरून बटण दाबावे. मार्ग निर्दोष असेल तर मापक सुमारे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दाब दाखवितो. नंतर ऋण अग्र व चलित्राचे कवच यांच्यामध्ये असेच मोजावे. येथे दाबघट ०.२ ते ०.३ व्होल्टहून अधिक नसावी. ज्या बाजूस ती जास्त आढळेल त्या बाजूचा एकेक जोड दोन काड्यांच्या मध्ये घेत जावे. शेवटी एकाच जोडावर सर्व दाबघट सापडते. अशा तऱ्हेने एकही भाग न बदलता किंवा न उकलता दोषाचे नेमके स्थान कळते. तो जोड सोडवून, धातू चकचकीत होईपर्यंत घासून व घट्ट आवळून त्यावर ग्रीजचा पातळ थर दिला की बहुधा काम भागते.

अभिचालित्राची दोन जाड अग्रे पेचकसाने जोडून चलित्र फिरते का ते पाहण्याची पद्धत रस्त्याकाठच्या गॅरेजांत सर्रास आढळते. तिने अभिचालित्र व चलित्र यांतील दोष वेगळा करता येतो, हे खरे. परंतु त्यात मोठी ठिणगी उडते, सुरक्षा-स्विच निष्प्रभ होतात आणि गाडी गिअरमध्ये असल्यास ती एकदम पुढे झेपावते. पेट्रोलची गळती असताना किंवा नुकत्याच भारित केलेल्या, हायड्रोजन वायू सोडणाऱ्या घटमालेजवळ ही कृती धोक्याची आहे.

जुन्या वाहनांतील विशेष दोष : जतन केलेल्या मोटारसायकलींत काही दोष वारंवार आढळतात. पहिला दोष दुरुस्तीतूनच निर्माण होतो. सांगाडा नव्याने रंगविला की रंगाचा थर निरोधकाचे काम करतो. घटमालेची तार जेथे सांगाड्याला जोडली जाते व एंजिन जेथे सांगाड्यावर बसते, तेथील रंग खरवडून धातू उघडा केला नाही, तर सर्व काही नवे असूनही प्रारंभक चालत नाही. कारागिरांच्या भाषेत हे ‘अर्थिंग नसणे’ होय. दुसरा दोष धन व ऋण यांच्या गोंधळाचा आहे. आपल्याकडील नेहमीच्या वाहनांत घटमालेचे ऋण अग्र सांगाड्याला जोडलेले असते. याउलट ‘नॉर्टन कमांडो’सारख्या अनेक ब्रिटिश मोटारसायकलींत धन अग्र सांगाड्याला जोडीत. त्यांच्या तारांच्या रंगसंकेतात लाल तार ही सांगाड्याची तार असे. लाल म्हणजे सांगाड्यापासून दूर ठेवावयाची तार, या सवयीने घटमाला उलटी जोडल्यास एकदिशकारक क्षणात जळतात. तिसरा दोष वयाचा. तारेवरील आवरण उष्णतेने कडक होऊन तडकते व हँडल वळते तेथे तुटते. आत शिरलेल्या ओलाव्याने तांब्यावर हिरवट थर चढतो आणि तार बाहेरून शाबूत दिसत असूनही आतून तिचे काही धागेच शिल्लक राहतात. सह्याद्रीच्या कुशीतील पावसाळी हवेत आणि दाबाच्या पाण्याने गाडी धुण्याच्या पद्धतीने हा दोष लवकर बळावतो.

जुन्या गाडीच्या बाबतीत योग्य निदानाला आणखी एक महत्त्व आले आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ऐतिहासिक वाहने म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. एका गंजलेल्या जोडापायी मूळ चलित्र किंवा संपूर्ण तारजाळे काढून टाकणे, हे अशा वाहनाच्या ऐतिहासिक मूल्याची हानी करणे होय.

पर्यायी उपाय व मर्यादा : बटण निकामी झाल्यास गाडी ढकलून किंवा उतारावर सोडून, दुसरा गिअर टाकून क्लच झटकन सोडण्याची युक्ती जुनी आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर कात्रज घाटासारखा लांब उतार असल्यास एकटा स्वारही ही युक्ती करू शकतो. मात्र ती गिअरच्या गाडीपुरतीच उपयोगी आहे. गिअररहित स्कूटरीत अपकेंद्री क्लच असल्याने चाक फिरविले तरी एंजिन फिरत नाही. ती कितीही ढकलली तरी सुरू होत नाही. दुसरी मर्यादा अलीकडे आली. १ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या प्रदूषणविषयक ‘भारत स्टेज ६’ मानकांमुळे कार्बुरेटरची जागा इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपणाने घेतली. इंधनाचा पंप व नियंत्रक यांना वीज लागत असल्याने घटमाला पूर्णपणे उतरली असेल, तर अशा गाडीला उताराचा उपयोग सहसा होत नाही.

सद्यःस्थिती : विद्युत् प्रारंभक ज्या एंजिनासाठी निर्माण झाला, ते एंजिनच आता दुचाकींतून हळूहळू मागे सरत आहे. पूर्वी कलती करून किक मारावी लागे त्या ‘चेतक’ स्कूटरीचे नाव ‘बजाज’ने विजेवर चालणाऱ्या स्कूटरीस दिले असून तिची विक्री २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात चालक यंत्रच विद्युत् चलित्र असल्याने वेगळ्या प्रारंभकाची गरज नाही. परंतु मोठा प्रवाह वाहून नेणाऱ्या तारा, जोड व संपर्कस्थाने तिच्यातही आहेतच; तेथे उत्पन्न होणारा रोध उष्णता व दाबघट निर्माण करतोच. एंजिनाच्या लाखो दुचाकीही रस्त्यावर राहणार आहेत. प्रवाह चालू ठेवून जोडाजोडावरचा दाब मोजण्याची पद्धत दोन्ही प्रकारच्या वाहनांना सारखीच लागू पडते, मात्र उच्च दाबाच्या घटमालांच्या बाबतीत ती प्रशिक्षित तंत्रज्ञानेच वापरावी. हे ज्ञान बव्हंशी गॅरेजांतून वस्तादाकडून शिकाऊ मुलाकडे तोंडी व हाताने दिले गेले आहे. तारांच्या आकृत्या व मोजमापे यांची मराठीतून नोंद झाली, तर ते अधिक लोकांच्या उपयोगी पडेल आणि बटण दाबून निघणाऱ्या स्वारास अडल्या वेळी दुसऱ्याची वाट पाहत थांबावे लागणार नाही.